पंख अजून यायचेत

घरी बांधायच्या विमानाचं किट, म्हणजे सुट्या भागांचा संच, मागवलं की कंपनी एक तारीख कळवते. ती माल आपल्या दारात येण्याची तारीख नसते. सुटे भाग मोजून, कागदात गुंडाळून, लाकडी पेटीत बसवून झाकणाला स्क्रू मारण्याची ती तारीख. त्यानंतर पेटी बंदरावर जाते, कुणाच्या तरी कंटेनरमध्ये जागा मिळेपर्यंत थांबते, जहाजात चढते, न्हावा शेव्याला उतरते, कस्टमचे कागद होतात, आणि मग कसारा घाट चढून नाशिक, मालेगाव करत ट्रक धुळ्यात येतो. शेपटीचं किट उशिरा आलं तेव्हा म्हणूनच मला फारसं काही वाटलं नव्हतं. पंखांचं तसं नाही. त्यांची पेटीत बसण्याचीच तारीख पुढे गेली, मग आणखी पुढे गेली, आणि आता कंपनी तारीख सांगत नाही, तिमाही सांगते.

आमचं विमान दोन आसनी, संपूर्ण धातूचं. किट युरोपातल्या एका कंपनीचं. उडवणार माझा धाकटा भाऊ, जो शिरपूरच्या धावपट्टीवर उडायला शिकला. बांधणार मी आणि जिभाऊ. जिभाऊ हवाई दलात एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाच्या सांगाड्याची जोडणी-दुरुस्ती करणारे, होते, ओझरच्या दुरुस्ती डेपोतून निवृत्त झाले आणि साक्रीकडच्या आपल्या गावी परत आले. मी कॉलेजात फिजिक्स शिकवते. जागा अप्पांची, अवधानजवळची बंद पडलेली जिनिंगची शेड. कापसाच्या गाड्या आत घ्यायला केलेले तिचे दरवाजे एवढे रुंद आहेत, की पंख लावलेलं विमानही थोडं तिरकं करून बाहेर काढता येईल. आत्ता तिथे एका बाजूला शेपटी तयार उभी आहे: विमान स्थिर ठेवणारा आडवा स्टॅबिलायझर, नाक वर-खाली करणारा एलिव्हेटर, डावी-उजवीकडे वळवणारा रडर. बाकी शेड मोकळी.

ती मोकळी जागा सगळ्यांना दिसते. आग्रा रोडवर स्क्रू घ्यायला गेलं तरी दुकानदार विचारतो, ‘‘ताई, पंख उनात का?’’ म्हणजे आले का. दूधवाला विचारतो, कॉलेजातला शिपाई विचारतो. आखाजीला माहेरी आलेल्या गल्लीतल्या मुली शेपटी बघायला शेडमध्ये आल्या, रडरला हात लावून बघितला, आणि निघताना त्यांनीही तेच विचारलं. या विचारण्यात आपुलकी असते. खान्देशात कुणाची विहीर खणली जात असली तरी अख्खं गाव पाण्याची चौकशी करतं, तशीच ही. तरी रोज ‘‘नही उनात अजून’’ म्हणताना मनावर एक दाब येत जातो, आणि हातून चुकीचा निर्णय होतो तो याच दाबाखाली. उशीर सोसता येतो. उशिराने अंगात शिरणारी घाई विमानाला सोसत नाही.

आधी किट उशिरा का येतं ते सांगते, कारण कारण कळलं की निम्मा राग उतरतो. किटमधले पत्र्याचे भाग एकेका विमानासाठी कापले जात नाहीत. पंखाच्या एका आकाराच्या फासळ्या मशीनवर लावल्या की एकदम पुष्कळ विमानांच्या काढायच्या, मग मशीनची मांडणी बदलून पुढचा भाग घ्यायचा, असं ते काम चालतं. त्यामुळे एखादा भाग संपला की त्याची पाळी पुन्हा येईपर्यंत सगळ्यांच्या पेट्या अडतात. पंखाचा कणा, म्हणजे स्पार, त्याचं जाड एक्स्ट्रूजन, म्हणजे साच्यातून दाबून काढलेली पट्टी, बाहेरच्या कारखान्यातून येतं. बिजागऱ्या, ओतीव भाग, इंधनाच्या टाकीची झाकणं, यांचा प्रत्येकाचा पुरवठादार निराळा. शंभर भागांतले नव्याण्णव तयार असले तरी पेटी बंद होत नाही. त्यात समुद्राची भर. २०२१ च्या मार्चमध्ये एव्हर गिव्हन हे जहाज सुएझ कालव्यात आडवं अडकलं, तेव्हा सहा दिवस कालवा बंद होता. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि बऱ्याच कंपन्यांनी जहाजं आफ्रिकेला वळसा घालून आणायला सुरुवात केली. युरोपातून येणाऱ्या मालाला त्याने दहा-बारा दिवस सहज वाढले.

कोविडच्या काळात तर घरी बसलेल्या लोकांनी जगभर विमानांची किटं मागवली. या धंद्यातलं सगळ्यात मोठं नाव म्हणजे अमेरिकेच्या ऑरेगॉन राज्यातली व्हॅन्स एअरक्राफ्ट. रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हेन यांनी १९७३ मध्ये सुरू केलेल्या या कंपनीच्या किटांवरून लोकांनी घरी बांधलेली ११,००० हून अधिक विमानं उडाली आहेत. मागणी वाढली तेव्हा वेग वाढवण्यासाठी त्यांनी काही भाग पंच करण्याऐवजी लेझरने कापून घेतले. पुढे त्यातल्या काही भागांत, रिव्हेटचं, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या ठोकायच्या खिळ्याचं, भोक खोलगट दाबताना, कडेला बारीक चिरा दिसू लागल्या. बदली भाग द्यायचे, जुन्या ऑर्डरी पुऱ्या करायच्या आणि खर्च भागवायचा, हे सगळं एकदम अंगावर आलं आणि डिसेंबर २०२३ मध्ये कंपनीने दिवाळखोरी कायद्याखाली संरक्षण मागितलं. २०२४ मध्ये ती त्यातून बाहेर आली, पण ज्यांची किटं राहिली होती त्यांच्यातल्या अनेकांना वाढीव किमतीचे नवे करार स्वीकारावे लागले.

आमचा त्या कंपनीशी काही संबंध नाही. पण ती हकीकत मी नीट वाचली आणि तेव्हापासून आमच्या कंपनीचं ‘अजून थोडा वेळ लागेल’ असं पत्र आलं की मी पहिल्यासारखी तडफडत नाही. उशिरा आलेली फासळी बसवता येते. चिरलेली फासळी बसवून त्यावर पत्रा रिव्हेट झाला की ती काढायला अख्खा पंख उकलावा लागतो. आणि चीर दिसलीच नाही तर काय, याचा विचार मी माझ्या भावाचा चेहरा डोळ्यांसमोर आणून करते.

घाई फक्त कंपनी करते असं नाही. आमच्या शेडमध्येही ती येते, आणि फार प्रेमाने येते. माझ्या मामेभावाचं ट्रकच्या बॉडीचं वर्कशॉप आहे. पत्र्याच्या कामात त्याचा हात असा, की बघत राहावं. त्याने नकाशे पाहिले आणि म्हणाला, ‘‘अक्का, या फासळ्या मी तुला आठ दिवसांत काढून देतो. फॉर्मा करू, दाबू, झालं. कशाला त्या गोऱ्यांची वाट बघतेस?’’ तो मनापासून बोलत होता आणि फॉर्मा करून पत्रा दाबणं त्याला खरोखर जमलंही असतं. अडतं ते पत्र्यापाशी. किटमधला पत्रा २०२४-टी३ जातीचा असतो. ॲल्युमिनियममध्ये साधारण चार टक्के तांबं, उष्णतेची ठरावीक प्रक्रिया, आणि गंज लागू नये म्हणून दोन्ही बाजूंना शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर. बाजारात भांडी आणि पाट्यांसाठी मिळणाऱ्या जवळपास शुद्ध ॲल्युमिनियमच्या मानाने त्याची ताणशक्ती तिपटीहून जास्त. हातात घेतले तर दोन्ही पत्रे सारखेच चकाकतात, जाडी सारखी, वजनही जवळजवळ तेवढंच. फरक डोळ्यांना कळत नाही. तो कागदावर असतो: कोणत्या गिरणीतून निघाला, कोणत्या बॅचमधला, कोणत्या चाचणीतून गेला.

जिभाऊंनी मामेभावाला चहा पाजला, आपल्या जवळचा एक तुकडा त्याच्या हातात देऊन वाकवायला सांगितलं, मग बाजारातला तुकडा वाकवायला सांगितलं. बाजारातला लोण्यासारखा वळला. विमानाचा पत्रा उसळून परत आला आणि जास्त टोकदार वाकवल्यावर त्याला कडेला चीर गेली. त्याला वळवायची त्रिज्याही ठरलेली असते. मामेभाऊ बराच वेळ ती चीर बघत राहिला. जिभाऊ एवढंच बोलले, ‘‘दादा, इमानम्हा ‘चाली जाई’ आस म्हनानं नही.’’

आपल्या भागात अडलेलं काम पुढे नेण्याची कला मोठी आहे. पंपाची मोटर जळली, ट्रॅक्टरचा भाग मिळाला नाही, तर रात्रीतून कुणीतरी काहीतरी जमवून पाणी सुरू करतो, आणि त्या माणसाबद्दल मला खरा आदर आहे. जमिनीवर तुटलं तर काम थांबतं आणि आपण खाली उतरून बघतो. वरती उतरून बघायची सोय नाही. म्हणून आम्ही शेडपुरता एक नियम केला: किटमधला जो भाग आला नाही, त्याच्या जागी दुसरा भाग येणार नाही. बोल्ट असो की वॉशर.

पहिल्या विमानालाही भागांसाठी थांबावं लागलंच होतं. १९०३ च्या नोव्हेंबरमध्ये राइट बंधू अमेरिकेच्या किनाऱ्यावर किटी हॉकजवळच्या वाळूत तळ ठोकून होते. विमान तयार होतं. इंजिन चालवून बघताना प्रोपेलरचे शाफ्ट खराब झाले. ते दुरुस्तीला आपल्या गावी, डेटनला पाठवले, परत आले, आणि २८ नोव्हेंबरला पुन्हा एकाला चीर दिसली. थंडी वाढत होती, हंगाम संपत होता, आणि तिकडे वॉशिंग्टनजवळ सरकारी पैशावर सॅम्युअल लँग्ली या शास्त्रज्ञाच्या विमानाची तयारी चालू होती. तरी ऑर्व्हिल आगगाडीने डेटनला गेले. पोकळ नळीचे शाफ्ट सोडून स्प्रिंगच्या पोलादाचे भरीव शाफ्ट केले आणि ११ डिसेंबरला तळावर परतले. दरम्यान ८ तारखेला लँग्ली यांचं विमान पोटोमॅक नदीत कोसळलं होतं. १७ डिसेंबरला राइट बंधूंचं विमान उडालं, पहिल्यांदा १२ सेकंद. चिरलेल्या शाफ्टला पट्टी मारून १ डिसेंबरला उडायचा मोह त्यांना झाला असेल का, कोण जाणे. वर्गात हा भाग आला की मी १७ डिसेंबरपेक्षा त्या आगगाडीच्या प्रवासावर जास्त वेळ घालवते.

थांबायचं तर मग पैशाचं काय? इथे मला अप्पांची आठवण येते. आमच्याकडे काही जण पाऊस यायच्या आधीच कोरड्या मातीत कापूस टोबतात. धूळपेरणी. पाऊस वेळेवर आला तर पीक सगळ्यांच्या पुढे. नाही आला तर बियाणं जातं आणि दुबार पेरणीचं कर्ज होतं. अप्पा धूळपेरणी कधी करत नसत. पंख यायच्या आधी इंजिन घेऊन ठेवणं ही मला तशीच धूळपेरणी वाटते. अशा हलक्या विमानांत बरेचदा ऑस्ट्रियाच्या रोटॅक्सचं इंजिन बसतं. त्याच्या रबरी नळ्या आणि इतर रबरी भाग पाच वर्षांनी बदलावेत असं कंपनी सांगते, विमान उडो न उडो. म्हणजे इंजिन खोक्यात पडून असलं तरी कॅलेंडर चालूच. वॉरंटीचंही तेच. शिवाय बराच काळ ठेवायचं तर सिलिंडरमध्ये ओल शिरू नये म्हणून ओलावा शोषणाऱ्या पुड्या घालायच्या, त्या रंग बदलल्या की बदलायच्या. पॅनेलमधले डिस्प्ले आणि रेडिओ तर सगळ्यांत शेवटी घ्यावेत, दोन वर्षांत त्यांची नवी पिढी येते. इंधनाच्या टाक्यांचे सांधे भरायचं पॉलिसल्फाइड सीलंट काही महिन्यांतच निकामी होतं, आणि आमच्याकडे पारा ४३-४४ वर जातो तेव्हा डब्यातून काढून कालवलेलं सीलंट हातातच घट्ट होऊ लागतं. ते टाकीचे सगळे भाग टेबलावर मांडून झाल्याशिवाय मागवायचं नाही आणि टाकीचं काम हिवाळ्यात पहाटे करायचं, हे आमचं ठरलं आहे.

इंजिन आधी न घेण्याचा तोटाही आहे, तो लपवत नाही. २०२१ मध्ये डॉलर ७४ रुपयांच्या आसपास होता, २०२४ संपताना तो ८५ ला टेकला. युरोपातला माल घेणाऱ्यालाही या चढउतारातून सुटका नसते. भाऊ म्हणतो की तेव्हाच घेतलं असतं तर स्वस्त पडलं असतं. त्याचा हिशेब बरोबर आहे. पण कंपनीला आगाऊ दिलेला पैसा कंपनी बुडाली तर घेणेकऱ्यांच्या रांगेत शेवटी उभा राहतो, हाही हिशेबच. म्हणून आम्ही किट टप्प्याटप्प्याने मागवतो: एक घरात आल्यावर दुसऱ्याची पहिली रक्कम. पंखांचीही आगाऊ रक्कमच गेली आहे, पूर्ण किंमत नाही.

कंपनीला पत्र कसं लिहावं, हेही मी या काळात शिकत गेले. ‘कधी पाठवाल?’ असं विचारलं की गोड उत्तर येतं. ‘आमच्या पेटीतले कोणते भाग अजून नाहीत, त्यांचे क्रमांक द्या’ असं विचारलं की कुणाला तरी गोदामात जाऊन बघावं लागतं आणि खरी यादी हाती येते. मागच्या यादीत स्पारची एक जोडपट्टी आणि एलेरॉनच्या, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेला हलणाऱ्या पट्टीच्या, बिजागऱ्या राहिल्या होत्या. बाकीचं आधी पाठवायला ते तयार होते. आम्ही नको म्हटलं, कारण दोन वेळा पाठवलं की जहाजाचं भाडं, कस्टमच्या एजंटचे पैसे, ट्रक, सगळं दोनदा. आणि स्पारशिवाय फासळ्या घेऊन करायचं काय? फक्त सांभाळायच्या.

सांभाळणं हेही सोपं काम नाही. जिनिंगच्या शेडमध्ये सरकी होती तेव्हापासूनचे उंदीर आहेत. उंदराचं मूत ॲल्युमिनियम खातं, आणि बंद स्टॅबिलायझरच्या पोटात घर केलं तर बाहेरून कळतही नाही. म्हणून शेपटीची भोकं बारीक जाळीने बंद केली आणि शेडमध्ये दाणागोटा ठेवायचा नाही असं ठरवलं, जिभाऊंचे फुटाणेसुद्धा नाहीत. पत्र्यावर ओरखडे पडू नयेत म्हणून निळसर प्लास्टिकची पातळ फिल्म असते. ती नव्या मोबाइलवरच्या फिल्मसारखी ठेवावीशी वाटते, पण पावसाळ्यात तिच्याखाली ओल धरली की पत्र्यावर डाग पडतात, आणि वर्षानंतर ती निघता निघत नाही. जास्त काळ ठेवायच्या भागांवरची ती आम्ही सोलून काढली. ओल्या पुठ्ठ्यावर किंवा लाकडावर पत्रा टेकवून ठेवायचा नाही, मध्ये कोरडं कापड.

उशिराबद्दल धुळ्यात बसून लिहायचं आणि कॅप्टन अमोल यादवांचं नाव घ्यायचं नाही, हे बरं दिसणार नाही. मुंबईत कांदिवलीच्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान बांधलं. २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते लोकांनी पाहिलं. नोंदणी २०१७ मध्ये मिळाली, उडवून बघण्याची परवानगी २०१९ मध्ये, आणि पहिल्या टप्प्याची चाचणी २०२० मध्ये आमच्या धुळ्याच्या विमानतळावर, गोंदूरला झाली. भाग हातात असूनही एवढी वर्षं. आमच्या कागदांनाही वेळ लागणारच आहे, त्यामुळे डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, फाइलसाठी कामाच्या प्रत्येक पायरीचे फोटो, वापरलेल्या रिव्हेटची आणि पत्र्याची नोंद, हे सगळं मी याच मोकळ्या काळात नीट लावून घेतेय. काम जोरात असतं तेव्हा वही मागे पडते.

आणि सराव. रिव्हेट बसवायला दोन माणसं लागतात, एक बाहेरून गन धरतो, दुसरा आतून पोलादी ठोकळा टेकवतो. आत तयार होणारी मुंडी दांड्याच्या व्यासाच्या दीडपट रुंद आणि निम्मी उंच हवी. कमी ठोकली तर सैल, जास्त ठोकली तर चपटी होऊन कडा फुटतात. बिघडलेला रिव्हेट भोक मोठं न करता काढणं हे तर बसवण्याहून अवघड. शेपटीच्या कामात माझा हात बसला होता, पण महिनाभर गन धरली नाही की ठोकळ्याचा अंदाज चुकायला लागतो, हे जिभाऊ आवाजावरून ओळखतात. तुकड्यांवर आम्ही ओळीच्या ओळी ठोकतो, मापतो, काढतो, पुन्हा ठोकतो.

हे बघायला आधी आयटीआयची दोन मुलं आली, मग त्यांचे मित्र. आता शनिवारी सकाळी, पत्रा तापायच्या आत, पाच-सहा जण असतात. त्यातल्या एका मुलीचा हात इतका स्थिर आहे, की पंखांचं काम सुरू झालं की ठोकळ्यामागे तिला उभं करायचं जिभाऊंनी आत्ताच ठरवून टाकलंय. येत्या शनिवारी सुतार येणार आहे. पंख आले की ते उभे ठेवायला दोन घोड्या लागतील. त्यांची उंची किती ठेवायची यावर जिभाऊंचं आणि माझं अजून एकमत झालेलं नाही. ते म्हणतात, फासळ्यांची खालची ओळ बसून करता आली पाहिजे. माझं म्हणणं, उभ्याने करता आली तर पाठ टिकेल. मुलीला विचारू, काम तिलाच करायचंय.